१.६८ बोर मॅग्नेटॉन: कोबाल्टच्या एका नमुन्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातलं हे प्रकरण आहे. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला इनऑरगॅनिकच्या प्रात्यक्षिकात हेक्साअमाइन कोबाल्ट-३ क्लोराइड तयार करायचं आणि मग गॉय बॅलन्सवर (चुंबकीय ओढ मोजणाऱ्या तराजूवर) त्याचं मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकत्वाचं माप, एकक बोर मॅग्नेटॉन) काढायचं, असा क्रम होता. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं: शून्य. त्यामुळे मुलं हा प्रयोग उरकण्याच्या यादीत टाकतात. या बॅचमधल्या एका विद्यार्थिनीचं उत्तर आलं १.६८ बोर मॅग्नेटॉन.

शून्य का यायला हवं, ते आधी पाहू. कोबाल्टच्या अणूत बाहेरच्या बाजूला ३डी मध्ये सात आणि ४एस मध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. आयन होताना ४एस चे दोन आधी जातात. म्हणून कोबाल्ट-२ हा डी-७, आणि आणखी एक गेला की कोबाल्ट-३ हा डी-६. या आयनाभोवती सहा अमोनिया अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसले की पाच डी ऑर्बिटल्सची (इलेक्ट्रॉनांच्या खोल्यांची) फाटाफूट होते: तीन खाली (टी-टू-जी) आणि दोन वर (ई-जी). सहा इलेक्ट्रॉनांनी खालच्या तीन खोल्यांत जोडीजोडीने राहायचं, की काहींनी वर जाऊन एकेकट्यानं, हे दोन ऊर्जांवर ठरतं. एक म्हणजे वरखालचं अंतर, दुसरी म्हणजे दोघांना एकाच खोलीत कोंबायला लागणारी ऊर्जा. कोबाल्ट-३ साठी ही कोंबण्याची ऊर्जा कोष्टकांत सुमारे २१,००० प्रति सेंटिमीटर (हे इथं ऊर्जेचंच एकक) दिलेली असते. फ्लोराइड भोवती असेल तर अंतर साधारण १३,०००, अमोनिया असेल तर साधारण २३,०००. म्हणून फ्लोराइडच्या संयुगात चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात (हाय स्पिन) आणि ते चुंबकाकडे जोरात ओढलं जातं. अमोनियाच्या संयुगात सहाच्या सहा जोडीने बसतात (लो स्पिन), आणि चुंबक त्याला किंचित दूर लोटतो. आयन तोच, इलेक्ट्रॉनही तेवढेच. फक्त शेजारी बदलले.

गॉय बॅलन्सचं तंत्र १८८९ मधलं. काचेच्या नळीत पूड ठासून भरायची, नळी तराजूला अशी टांगायची की तिचं खालचं टोक विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांच्या बरोबर मध्ये येईल, आणि प्रवाह बंद असताना व चालू असताना वजन घ्यायचं. वजन वाढलं तर पॅरामॅग्नेटिक, घटलं तर डायामॅग्नेटिक. (भटनागर पारितोषिक ज्यांच्या नावानं दिलं जातं त्या शांतिस्वरूप भटनागरांनी के. एन. माथुर यांच्यासोबत १९२८ मध्ये याच कामासाठी एक अत्यंत संवेदनशील तराजू बनवला होता. मॅग्नेटोकेमिस्ट्रीत आपल्याकडचं काम इतकं जुनं आहे.)

अडचण

आकडा आल्यावर विद्यार्थिनीनं जर्नलच्या कच्च्या पानावर निष्कर्ष लिहून टाकला होता: "एक अनपेअर्ड इलेक्ट्रॉन असल्यामुळे पदार्थ पॅरामॅग्नेटिक आहे." तिचा तर्क समजण्यासारखा होता. फक्त स्पिन (इलेक्ट्रॉनाचा अंगचा चुंबकीय गुण) धरणारं सूत्र म्हणजे एन गुणिले (एन + २) याचं वर्गमूळ; एन म्हणजे अनपेअर्ड, अर्थात एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या. एन = १ घातलं की १.७३ येतं. १.६८ त्याच्या अगदी जवळ. पुस्तकातल्या कोष्टकाशी आकडा जुळला की पुढचा विचार थांबतो, हे फक्त विद्यार्थ्यांचंच होतं असं नाही.

ती प्रात्यक्षिकाच्या मॅडमना पान दाखवायला घेऊन गेली तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होतो.

"मॅडम, माझं १.६८ आलंय. म्हणजे एक अनपेअर्ड."

"कोबाल्ट कितीवर आहे?"

"तीनवर."

"मग डी किती?"

"डी-सिक्स."

"हं. मग सहातून एकच एकटा उरवून दाखव."

तिनं पाच चौकटी आखल्या, बाण काढले, खोडले, परत काढले. सहा ही सम संख्या. त्यांतून एकटे उरतील ते शून्य, दोन किंवा चार. एक किंवा तीन उरणं शक्यच नाही, लिगंड (आयनाभोवतीचा शेजारी) कुठलाही आणा. म्हणजे १.६८ हा आकडा या आयनाचा असूच शकत नव्हता. तो दुसऱ्या कशाचा तरी होता, किंवा बेरजेचा होता.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच घडली, एकही उपकरण न वापरता. मोमेंटचा आकडा वाचायच्या आधी आयनाचे इलेक्ट्रॉन मोजायचे. सम की विषम, एवढं पाहिलं तरी निम्मी चुकीची स्पष्टीकरणं तिथल्या तिथे गळतात.

कोणकोणत्या शक्यता होत्या

पहिली शक्यता मोजमापातल्या गडबडीची. तापमान चुकीचं घातलं असेल, नळी नीट ठासली नसेल, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या पदार्थावरून तराजूची जुळणी) बिघडलं असेल. एप्रिल महिना होता आणि प्रयोगशाळा तापलेली होती. २० अंशांच्या जागी ३४ धरले तर मोमेंटमध्ये फरक पडतो जेमतेम अडीच टक्के. ठासण्यातल्या फरकानं फार तर आणखी दोनतीन टक्के. अशानं शून्याचं १.६८ होत नाही. कॅलिब्रेशनसाठी वापरलेल्या मर्क्युरी टेट्राथायोसायनॅटोकोबाल्टेटच्या ससेप्टिबिलिटीचं (चुंबकाकडे ओढलं जाण्याच्या मापाचं) मूल्य दर ग्रॅमला १६.४४ गुणिले दहाचा उणे सहावा घात (२० अंशांना) असं पक्कं ठरलेलं आहे. आपला नमुना त्याच्या पावपटीहून थोडा कमी ओढला जात होता, म्हणजे ओढ खरी होती.

दुसरी शक्यता लोखंडाची. खरवडताना स्टीलच्या स्पॅच्युलाचा कण, किंवा स्वस्तातल्या अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलमधली लोहयुक्त राख. लोहचुंबकीय कण अगदी चिमूटभर असला तरी आकडे उधळतात.

तिसरी शक्यता विद्यार्थिनीनंच मांडली, आणि ती हुशारीची होती. सगळा पदार्थ कोबाल्ट-२ च राहिला असेल तर? डी-७ लो स्पिन असला तर खाली सहा, वर एक, म्हणजे एन = १ आणि १.७३. विषम संख्येची अटही पाळली जाते. पण कोबाल्ट-२ वरचा धन प्रभार कमी असल्यामुळे तोच अमोनिया इथं जेमतेम १०,००० प्रति सेंटिमीटरचं अंतर पाडतो. कोंबण्याची ऊर्जा त्याच्या दुपटीहून जास्त. हेक्साअमाइन कोबाल्ट-२ हाय स्पिनच असतो, तीन एकटे इलेक्ट्रॉन घेऊन. कोबाल्ट-२ ला लो स्पिन करायला सायनाइडसारखा लिगंड लागतो, आणि तो या प्रयोगात कुठे नव्हताच. शिवाय पूड नारिंगी होती, आणि तो रंग कोबाल्ट-३ च्या हेक्साअमाइनचाच.

चौथी शक्यता मिश्रणाची: बहुतांश कोबाल्ट-३, त्यात थोडा हाय स्पिन कोबाल्ट-२. इथं एक गोष्ट सावकाश समजून घ्यावी लागते. तराजूला मोमेंटची सरासरी दिसत नाही, मोमेंटच्या वर्गाची सरासरी दिसते. अष्टफलकी कोबाल्ट-२ चं मोमेंट तीन एकट्या इलेक्ट्रॉनांच्या हिशेबानं ३.८७ यायला हवं, पण टी-टू-जी अर्धवट भरलेलं असल्यामुळे कक्षीय गतीचाही वाटा मिळतो आणि प्रत्यक्षात ४.७ ते ५.२ येतं. पाच धरलं तर वर्ग २५. आता अशी अशुद्धी ५ टक्के मिसळली तर वर्गांची सरासरी १.२५ आणि दिसणारं मोमेंट १.१२! पाच टक्क्यांचा मिठाचा खडा, आणि सगळं दूध नासल्यासारखं दिसतं. १.६८ चा वर्ग २.८२. त्याला २५ नं भागलं की ११ टक्के. म्हणजे १०० आयनांतले ८९ अगदी पुस्तकाप्रमाणे वागत असतील आणि ११ बिघडलेले असतील, तरी जर्नलमध्ये "एक अनपेअर्ड इलेक्ट्रॉन" असं फसवं उत्तर उमटतं.

पाचवी शक्यता कागदावर उरते: कोबाल्ट-३ पैकीच काही आयन हाय स्पिन असणं. त्यांचं मोमेंट ४.९०, वर्ग २४. आणि इथे पेच येतो. २४ आणि २५ यांत तराजूला फरक कळत नाही. चौथी आणि पाचवी शक्यता यांच्यात निवड करायला गॉय बॅलन्स अजिबात उपयोगाचा नाही. तिथे परीक्षानळीच हवी.

काय केलं

पहिला निर्णय नमुना फेकायचा की तपासायचा, हा होता. बरोबरच्या मुलींचा सल्ला सरळ होता: "परत बनव, दोन तासांचं तर काम." सबमिशन जवळ आलेलं, चुंबकावर पाळ्या लागलेल्या. मॅडमनी मात्र नवा पदार्थ बनवण्याची परवानगी लगेच दिली नाही. नवा बनवला आणि शून्य आलं तर जुन्यात काय झालं होतं ते कधीच कळणार नाही, आणि नव्यातही १.६८ च आलं तर दुप्पट वेळ जाईल. नळीत भरलेली पूड तशीच ठेवायला सांगितली.

त्याच नळीवर प्रवाह कमीजास्त करून वजनं घेतली. लोहचुंबकीय कण असेल तर तो थोड्या क्षेत्रातच तृप्त होतो (त्याचं चुंबकत्व पुढे वाढत नाही), म्हणून क्षेत्र वाढवत गेलं की नमुना आणि कॅलिब्रंट यांच्या ओढीचं गुणोत्तर घसरत जातं. इथं तिन्ही प्रवाहांना गुणोत्तर जवळपास तेच राहिलं. लोखंडाचा संशय मिटला.

मग थायोसायनेट. चिमूटभर पूड थोड्या पाण्यात विरघळवली, लोह असेल तर त्याचा लाल रंग आड येऊ नये म्हणून किंचित सोडियम फ्लोराइड टाकलं, अमोनियम थायोसायनेटचे खडे टाकले आणि वरून अ‍ॅसिटोन ओतलं. द्रावण स्वच्छ निळं झालं. हा निळा रंग कोबाल्ट-२ चाच. कोबाल्ट-३ भोवतीचे सहा अमोनिया इतके घट्ट बसलेले असतात की थायोसायनेटला ते सहजी जागा देत नाहीत. पाचवी शक्यता बाजूला पडली, चौथी उरली.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मामांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना कुणी विचारली नव्हती. "मॅडम, या पोरीचं धुतलेलं अ‍ॅसिटोन निळसर होतं. मी बेसिनमध्ये बघितलं." पदार्थ गाळल्यावर अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोननं धुतात. कोबाल्ट-२ क्लोराइड अ‍ॅसिटोनमध्ये निळं विरघळतं, हेक्साअमाइन क्लोराइड विरघळत नाही. म्हणजे बनवण्याच्या दिवशीच बेसिनमध्ये उत्तर वाहून गेलं होतं.

आता कोबाल्ट-२ राहिलाच कसा? कृती अशी: कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, मग तीव्र अमोनिया, थंड करून थेंबाथेंबानं हायड्रोजन पेरॉक्साइड, नंतर ६० अंशांना अर्धा तास. चारकोल इथे उत्प्रेरक आहे. तो नसेल तर जांभळं क्लोरोपेंटाअमाइन मिळतं. पण हाच चारकोल पेरॉक्साइडचंही विघटन घडवतो, म्हणून सगळं थंडच ठेवायचं आणि घाई करायची नाही. त्या दिवशी बर्फ अपुरा होता आणि फेस बराच आला होता, हे तिला आठवत होतं. मॅडमनी पेरॉक्साइडच्या बाटलीचं परमँगनेटनं टायट्रेशन करायला लावलं. लेबलवर ३० टक्के, बाटलीत भरले १२ टक्के. उन्हाळ्यात अर्धवट भरलेली बाटली बाहेर राहिली की असं होतंच.

नमुन्यातला कोबाल्ट-३ आयोडोमेट्रीनं मोजला: सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळून अमोनिया घालवायचा, काळं ऑक्साइड उरतं, त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि आम्ल घातलं की आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटनं मोजायचं. एकूण कोबाल्ट ईडीटीए या अभिकर्मकानं मोजला. हिशेबात कोबाल्ट-२ चं प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं. तराजूचा अंदाज त्याहून जास्त होता.

शेवटी पूड फेकली नाही. किंचित हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या गरम पाण्यात विरघळवून गरमच गाळली, सावकाश थंड करत तीव्र आम्ल थेंबाथेंबानं घातलं, आणि अल्कोहोलचं धुणं पूर्ण रंगहीन होईपर्यंत धुतली. वजन बरंच घटलं. विद्यार्थिनीचा चेहरा पडला, कारण आधीच्या उताऱ्यावर (मिळालेल्या पदार्थाच्या वजनावर) ती खूश होती. त्या उताऱ्यात कोबाल्ट-२ चाही वाटा होता.

निष्पत्ती

शुद्ध केलेली पूड नळीत भरून टांगली. प्रवाह चालू केल्यावर वजन किंचित घटलं, शेवटच्या दशांशात. थायोसायनेटला निळा रंग आला नाही.

पण गणित पूर्ण केल्यावर मोमेंट शून्य आलं नाही, ०.५ च्या आसपास आलं. हा दुसरा धक्का. कारण असं, की मोमेंट काढण्याआधी क्लोराइड, अमोनिया आणि आतल्या बंद कवचांचा डायामॅग्नेटिक वाटा दुरुस्ती म्हणून काढून टाकावा लागतो. या संयुगात तो दर मोलमागे साधारण उणे १९० (दहाच्या उणे सहाव्या घातात) होतो. मोजलेली ओढ तेवढी उणे नव्हती, म्हणजे काहीतरी धन वाटा शिल्लक होता. हा वाटा एकट्या इलेक्ट्रॉनाचा नाही. बाहेरचं चुंबकीय क्षेत्रच मूळ स्थितीत वरच्या उत्तेजित स्थितीचा अगदी थोडा अंश मिसळतं, आणि त्यातून तापमानावर अवलंबून नसलेलं पॅरामॅग्नेटिझम उपजतं. लो स्पिन कोबाल्ट-३ मध्ये ते हमखास दिसतं. खरं म्हणजे त्याला मोमेंटच्या भाषेत बसवणंच चूक, कारण ती भाषा क्युरीच्या नियमावर, म्हणजे तापमान वाढलं की ओढ कमी होते या गृहीतावर उभी आहे.

मूळ १.६८ चाही हिशेब मग नव्यानं केला. २.८२ मधून हा कायमचा वाटा वजा केला, आणि कोबाल्ट-२ अष्टफलकी (वर्ग २५) की क्लोराइडनं वेढलेला चतुष्फलकी (वर्ग सुमारे २२) हे नक्की नसल्यामुळे दोन्ही धरून पाहिले. अशुद्धी १० ते १२ टक्के निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

तपासण्यांचा क्रम उलटा हवा होता. थायोसायनेटची चाचणी पाच मिनिटांची, तीही पूड नळीत भरायच्या आधी करण्याजोगी. चुंबकावरची पाळी त्यात वाचली असती. आता विभागात नळी ठासण्यापूर्वी ही चाचणी सगळ्यांनाच करावी लागते, आणि पेरॉक्साइडची बाटली फ्रिजमध्ये ठेवून सत्राच्या सुरुवातीला मोजली जाते.

आयोडोमेट्रीवर मी एवढा भरवसा ठेवला नसता. अल्कलीत उकळताना कोबाल्ट-२ चं हायड्रॉक्साइड हवेतल्या ऑक्सिजननं स्वतःच कोबाल्ट-३ मध्ये जातं. म्हणजे जी अशुद्धी मोजायची तीच काही अंशी मोजमापाच्या वाटेवर नाहीशी होते. ७ टक्के आणि १० ते १२ टक्के यांतल्या तफावतीचं हे सगळ्यात साधं कारण आहे. नायट्रोजनच्या प्रवाहात उकळलं असतं तर दोन्ही आकडे जवळ आले असते. मॅडमचं म्हणणं याच्या उलट होतं: विद्यार्थ्यांना दोन पद्धतींतली तफावत दिसलीच पाहिजे, नाहीतर टायट्रेशनचं उत्तर म्हणजे देववाणी असं त्यांना वाटत राहतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

एक गोष्ट उघडी राहिली. उरलेलं ०.५ खरोखर सगळं तापमानावर अवलंबून नसलेलंच आहे का? १ टक्का कोबाल्ट-२ राहिला तर वर्गांची सरासरी ०.२५, आणि मोमेंट तेही ०.५ च. प्रात्यक्षिकातल्या टायट्रेशनला १ टक्का पकडता येत नाही. थायोसायनेटनं निळा रंग दिला नाही, म्हणून अशुद्धीचा वाटा त्याहून बराच कमी असावा. पक्कं उत्तर द्रव नायट्रोजनच्या तापमानाला मोजल्यावर मिळेल: ७७ केल्विनला कोबाल्ट-२ ची ओढ जवळजवळ चौपट होईल, दुसरी तेवढीच राहील. ती सोय विभागात नाही. विद्यार्थिनीनं जर्नलमध्ये मोमेंटचा रकाना रिकामा ठेवला, दुरुस्त केलेली ससेप्टिबिलिटी लिहिली, आणि शेऱ्यात नोंदवलं की डी-६ लो स्पिन, एकटे इलेक्ट्रॉन शून्य, उरलेल्या ओढीचं विभाजन एका तापमानावरून करता येत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिकामा रकाना पाहून पहिला प्रश्न त्यावरच विचारला.